जिथे नळ नाही तिथे

(शिरगाव, जि. पालघर येथे स्त्री संघटनांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'उघड्यावर राहताना पाणी' असा विषय छापलेला पाहून काहीजणींना हसू आले. हिंसा, संपत्तीतला वाटा, आरोग्य या विषयांच्या रांगेत हा स्काऊट-गाईडचा तास कुठून घुसला, असे एकीने मला चहाच्या वेळी विचारलेही. विचारले ते बरे झाले. उत्तर इथूनच सुरू करते.

जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास वारली, कातकरी, कोकणा कुटुंबे घराला कडी लावून बाहेर पडतात. हातात बयाणा पडलेला असतो, तो फेडायला जायचे असते. कुणी वसई-भिवंडीच्या वीटभट्टीवर, कुणी मिठागरावर, कुणी बांधकामावर. पावसाच्या तोंडावर परत येतात. मधले सहा-सात महिने विटांचे चार थर, वर पेंढा नाहीतर ताडपत्री, एवढ्या आडोशात संसार. वीज नाही, नळ नाही, संडास नाही. शहरातली मंडळी शनिवार-रविवारी केळव्याच्या सुरूच्या बनात तंबू ठोकून असेच राहतात आणि त्याचे पैसे मोजतात. त्यांच्यावर माझा राग नाही. आपणही या तीन दिवसांत थोड्याफार तशाच राहणार आहोत. पण तंबूतल्या बाईला आणि भट्टीवरच्या बाईला सकाळी उठल्यावर पडणारा पहिला प्रश्न एकच असतो: पाणी कुठे आहे? फरक एवढाच की एकीजवळ बाटल्यांचा खोका असतो आणि दुसरीजवळ हंडा.

२०१९ साली जल जीवन मिशनची घोषणा झाली. घरोघरी नळ, माणशी रोज ५५ लिटर पाणी. चांगली गोष्ट आहे, नळ मागायलाच हवा आणि आलेल्या नळाला पाणी येते का हेही विचारायला हवे. पण नळ पाड्यावर आणि बाई भट्टीवर, असे वर्षातले निम्मे दिवस असेल तर त्या नळाचा तिला उपयोग काय? योजना घर मोजते. घर सोडून गेलेली बाई त्या मोजणीत कुठेच नसते.

आता आपण ज्या वाळूवर बसलो आहोत तिच्याविषयी बोलू. शिरगावचा किल्ला तुम्ही काल पाहिलात. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तो पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आला, एवढे पुस्तकात मिळते. किल्ल्यावरच्या शिबंदीसाठी पाणी कोण भरत होते ते पुस्तकात मिळत नाही. पण एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. समोर खारा समुद्र, मागे खाजण, आणि मध्ये या चिंचोळ्या पट्टीत शिरगाव, माहीम, केळवे इथल्या वाड्यांमध्ये नारळ, केळी आणि पानवेली. पानवेलीला खारे पाणी अजिबात चालत नाही. मग गोडे पाणी येते कुठून?

ते पावसाचेच असते. पाऊस वाळूत मुरतो. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके, म्हणून ते वाळूतल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, ताकावर लोणी राहते तसे. समुद्राच्या पातळीच्या वर एक फूट गोडे पाणी उभे असेल तर खाली साधारण चाळीस फुटांपर्यंत गोडे असते, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. हाच हिशेब उलटाही चालतो. वरचे एक फूट उपसून संपवले की खालून खारे पाणी तेवढ्याच पटीने वर चढते. पोहऱ्याने, रहाटाने पाणी काढत होते तेव्हा विहिरीला श्वास घ्यायला वेळ मिळत होता. मोटर बसली की रात्रभरात पाणी मचूळ होते. एकदा खारावलेली विहीर लगेच गोडी होत नाही, पुढचे पावसाळे वाट पाहावी लागते. तेव्हा किनाऱ्यावर 'अजून खोल खणा, अजून पाणी लागेल' हा सल्ला चुकीचा आहे. वसईकडे वाड्यांमधून बावखले असत, म्हणजे उथळ, पसरट खड्डे, पावसाचे पाणी साठवणारे आणि मुरवणारे. त्यातली बरीच आता बुजवली गेली. ज्यांनी ती खणली त्यांना ही गोष्ट सूत्र न मांडताही माहीत होती.

म्हणून किनाऱ्यावर पाणी शोधायचे तर भरतीच्या रेषेजवळ नाही, वाळूचा उंचवटा ओलांडून जमिनीच्या बाजूला जायचे. जिथे हिरवळ आणि मोठी झाडे आहेत तिथे. खड्डा खणायचा, पाणी पाझरू लागले की थांबायचे. पहिले गढूळ पाणी दोन-तीन वेळा उपसून टाकायचे, मग वाटीने सावकाश घ्यायचे. चव खारट लागली तर आणखी खोल जायचे नाही, जागा बदलायची.

डोंगराकडची गोष्ट वेगळी. तिथे खाली काळा कातळ. पालघर जिल्ह्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तरी मोखाड्यात मार्च-एप्रिलपासून बायका डोक्यावर हंडे घेऊन दरीत उतरताना दिसतात. पाऊस कमी नाही, तो कातळावरून वाहून जातो. उरलेले पाणी सापडते ते ओढ्या-नदीच्या कोरड्या पात्रात. पात्र वळते तिथे बाहेरच्या काठाला ते सर्वात खोल असते आणि ओल सर्वात शेवटपर्यंत टिकते. तिथे वाळूत झिरा खणतात. तोंडाला दगड रचतात, वर काटेरी फांदी टाकतात म्हणजे गुरे तोंड घालत नाहीत. धुणे-भांडी झिऱ्याच्या खालच्या अंगाला, वरच्या अंगाला कधीच नाही. एक हंडा भरायला वाटी-वाटीने अर्धा तास, तास लागतो, म्हणून नंबर लावतात आणि रात्रीसुद्धा जागतात.

काठावर उंबर, जांभूळ, अर्जुन दिसले की पाणी फार लांब नाही, हे कुठलीही वारली बाई सांगेल. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत झाडांवरून आणि वारुळांवरून भूजल ओळखण्यावर एक अख्खा अध्याय आहे. सहाव्या शतकातला तो ग्रंथ विद्वान आजही आदराने काढून दाखवतात, दाखवावाही. पण झिरा खणणाऱ्या बाईच्या माहितीला आपण माहितीसुद्धा म्हणत नाही, सवय म्हणतो. पाणीपुरवठा समितीची बैठक लागते तेव्हा ती झिऱ्यावर नंबर लावून उभी असते आणि तिच्या वतीने नवरा सही करून येतो.

आणि याच डोंगरातून मोठ्या जलवाहिन्याही जातात. सूर्या प्रकल्पाचे धामणी धरण आणि कवडासचा बंधारा झाला तो या भागातल्या शेतीला पाणी मिळावे म्हणून. पुढे त्याच पाण्यावर रोज ४०३ दशलक्ष लिटरची योजना आखली गेली, १८५ वसई-विरारसाठी आणि २१८ मीरा-भाईंदरसाठी. तिथल्या चाळींत राहणाऱ्या बायकांनाही पाणी हवेच आहे, त्यांच्याशी आपले भांडण नाही. पण ज्या पाड्याजवळून नळ जातो तिथल्या बाईने झिऱ्यातून वाटीने पाणी काढायचे, हे वाटप कुणी ठरवले असा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

आता आपल्या शिबिराचा हिशेब करू, कारण इथे आपल्या तत्त्वांची परीक्षा असते. आपण चाळीसजणी आहोत. आपत्तीनंतरच्या छावण्यांसाठी जगभर वापरला जाणारा स्फिअरचा किमान निकष आहे माणशी रोज १५ लिटर, त्यात पिणे, स्वयंपाक, अंगधुणे सारे आले. चाळीस गुणिले पंधरा, सहाशे लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरला तर चाळीस हंडे. विहीर अडीचशे मीटरवर आहे असे समजा. एका खेपेला जाऊन-येऊन अर्धा किलोमीटर. चाळीस खेपा म्हणजे वीस किलोमीटर, त्यातले दहा डोक्यावर पंधरा किलो घेऊन. रोज.

हे वीस किलोमीटर कोण चालते? मी बरीच शिबिरे पाहिली आहेत. व्यासपीठावर श्रमविभागणीवर चर्चा चालू असते आणि मागे पाड्यावरच्या दोन मावशी पिंप भरत असतात. त्यांना आपण मानधन देतो, शेवटच्या दिवशी नारळ-पातळ देऊन टाळ्याही वाजवतो. मानधन देणे योग्यच. पण शिबिरातल्या प्रत्येकीने रोज एक खेप तरी घातली पाहिजे, वक्त्यांनीसुद्धा, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. ज्यांचे गुडघे, कंबर, गर्भाशय बाहेर येण्याचा त्रास असेल त्यांनी वाटपाचे काम घ्यावे, तेही कामच आहे. भिंतीवर तक्ता लावा: आज किती हंडे आले, कुणी आणले, कशाला गेले. पहिल्याच दिवशी कळते की निम्मे पाणी ताटे विसळण्यात जाते. राखेने, मातीने घासून एका परातीत विसळले की ते पाऊण वाचते.

दुसरा प्रश्न, कुणाच्या विहिरीचे? मे महिन्यात पाड्यावरचे एक घर तीन हंड्यांवर दिवस काढते असे धरले तर आपले सहाशे लिटर म्हणजे तेरा घरांचे पाणी. म्हणून जागा ठरवण्याआधी गावच्या बायकांना विचारायचे. सरपंचांना नंतर भेटता येईल. त्या पाणी कधी भरतात, विहीर सकाळी उपसली तर परत किती वेळाने भरते, आटते कधी. त्यांचे भरून झाल्यावर आपला नंबर. आणि आणखी एक विचारायचे, जे विचारायला आपल्याला संकोच वाटतो: या विहिरीवर गावातले सगळे भरतात का? १९२७ साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. शंभर वर्षांत नळ आले, टँकर आले, पण अनेक गावांत आजही पाणवठ्यावर कुणी आधी भरायचे आणि कुणी लांब थांबायचे हे ठरलेले असते. जिथून सगळ्यांना भरता येत नाही तिथून आपण भरायचे नाही. मग खेप लांब पडली तरी चालेल.

'एवढे कशाला, टँकर मागवू' असे आपल्यातल्याच काही म्हणतात. उन्हाळ्यात इलाज नसेल तर मागवावा. पण टँकरही कुठल्यातरी विहिरीतूनच भरून येतो, हे मागवताना विचारून घ्या.

पाणी आणले, आता ते प्यायचे कसे. गढूळ असेल तर आधी निवळू द्या. तुरटी फिरवा, नाहीतर आपल्याकडची जुनी रीत, निवळीची बी भांड्याला आतून घासायची. शेवग्याच्या बियांची पूडही चालते. मग गाळा. जुन्या पातळाचे किमान चार पदर करून गाळायचे. ही आजीबाईची समजूत नाही. रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या खेड्यांत हे करून पाहिले आणि २००३ साली निष्कर्ष मांडले: जुन्या साडीच्या घडीतून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकी जवळपास निम्म्याने कमी झाली. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून राहतात, ते किडे कापडात अडकतात. धुऊन धुऊन मऊ झालेले सुती कापड नव्यापेक्षा चांगले, कारण त्याचे धागे फुगून छिद्रे बारीक होतात. गाळल्यावर कापड उन्हात वाळवायचे.

गाळल्याने सगळे जंतू जात नाहीत. उकळायचे असेल तर खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर पुरे. वीस मिनिटे उकळा असे सांगणाऱ्यांनी सरपण आणलेले नसते. प्रत्येक जास्तीची दहा मिनिटे म्हणजे कुणाच्यातरी डोक्यावरची मोळी. म्हणून जास्त माणसे असतील तर क्लोरीन बरे. ब्लीचिंग पावडर ताजी असेल तर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे दोनशे लिटरच्या पिंपाला अर्धा ग्रॅम, चिमूटभर. आधी पेल्यात कालवा, चुना खाली बसू द्या, वरचे नितळ पाणी पिंपात ओता, तासभर थांबा. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या गोळ्या किंवा औषध असेल तर पाकिटावरचे प्रमाण पाळा. आणि हातात काहीच नसेल तर ऊन आहे. स्वच्छ, पारदर्शक प्लास्टिकची बाटली, दोन लिटरपेक्षा मोठी नको, नितळ पाण्याने भरून कडक उन्हात सहा तास आडवी ठेवायची. ढगाळ असेल तर दोन दिवस. पाणी गढूळ असेल तर हे चालत नाही. भरलेल्या पिंपात हात बुडवायचा नाही, ओगराळे ठेवा. शुद्ध केलेले पाणी सर्वात जास्त बिघडते ते आपल्याच हातांनी.

बोईसर-तारापूरकडच्या मैत्रिणींनी मात्र एक लक्षात ठेवायचे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात तारापूरचा औद्योगिक परिसर गंभीर प्रदूषित म्हणून नोंदला गेला. कारखान्याच्या रसायनांवर उकळणे, गाळणे, क्लोरीन, ऊन यातले काहीही चालत नाही. उकळल्याने उलट पाणी आटते आणि रसायन घट्ट होते. अशा नाल्याजवळच्या बोअरचे पाणी दिसायला नितळ असले तरी प्यायचे नाही, प्रयोगशाळेत तपासून मागायचे. तीच गोष्ट मिठाची. बांगलादेशच्या किनाऱ्यावरच्या अभ्यासांत खारे पाणी पिणाऱ्या गरोदर बायकांत रक्तदाब वाढण्याचे प्रमाण जास्त दिसले. आपल्याकडे मिठागरावरची बाई मचूळ पाणी पिते आणि तिच्या पायाला सूज आली की आपण तिला 'मीठ कमी खा' म्हणतो.

एक विषय राहिला, तो बायकांच्याच शिबिरात मोकळेपणी बोलता येतो. आपण पाणी कमी पितो. प्रवासात, मोर्चात, भट्टीवर, शेतावर. तहान नसते म्हणून नव्हे, लघवीला जागा नसते म्हणून. भट्टीवरच्या बायका मला सांगतात की उजाडायच्या आधी एकदा आणि अंधार पडल्यावर एकदा, मधे नाही. मग जळजळ, ताप, कंबरदुखी. चांगले पाणी दारात आणून ठेवले तरी जी बाई पिऊ शकत नाही तिला ते मिळाले असे म्हणता येत नाही. म्हणून कुठेही मुक्काम पडला की चुलीच्या आधी आडोसा. चर खणायचा तो पाणवठ्यापासून कमीत कमी तीस मीटरवर आणि उताराच्या खालच्या अंगाला. वाळूत पाणी भराभर झिरपते, इथे किनाऱ्यावर त्याहूनही लांब. पाळीचे कपडे धुवायला आणि उन्हात वाळवायला वेगळी जागा आणि वेगळे पाणी हिशेबात धरा. पंधरा लिटर हा माणशी निकष आहे, पाळीतल्या बाईला, बाळंतिणीला त्यात भागत नाही.

भाषणानंतर एका मैत्रिणीने विचारले, भट्टीवर आम्ही हे सगळे शिकवायचे का? म्हणजे मालकाची जबाबदारी बाईच्याच गळ्यात बांधल्यासारखे नाही का होणार? प्रश्न अगदी बरोबर आहे. मी पाहिले आहे की भट्टीवर माती भिजवायला मोटर चालते, त्याच टाकीत झाकण नसते, आणि त्याच टाकीतून प्यायचे. विटेला पाणी मोजून मिळते, माणसाला उरलेले. कामाच्या ठिकाणी पिण्याचे पाणी पुरवणे ही मालकाची जबाबदारी आहे, २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ते लिहिलेले आहे. भट्टी लहान आहे, कामगार नोंदलेले नाहीत, म्हणून कायदा लागूच नाही असे मालक म्हणतील, त्यासाठी आधी हजेरीची नोंद मागावी लागेल. तोवर बाईने आजारी पडायचे का? गाळणे, क्लोरीन आज संध्याकाळपासून. मागणीही आजपासूनच. बयाणा घ्यायच्या वेळी, म्हणजे दिवाळीच्या आधी पाड्यावर बैठका घेतल्या तर बाई मालकाला चार अटी घालू शकते: माणशी १५ लिटर, झाकणाची वेगळी टाकी, झोपड्यांपासून पाचशे मीटरच्या आत पाणी, बायकांसाठी आडोसा. भट्टीवर पोचल्यावर, अंगावर उचल असताना तिचे कोण ऐकणार?

मोखाड्याच्या गटाने या बैठकांची जबाबदारी घेतली आहे. मागण्यांचा कागद दुपारी मोठ्या अक्षरात लिहून काढू, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रांचाही करू. उद्या सकाळी सुरूच्या बनामागे झिरा खणून पाहायचा आहे. ज्यांना यायचे त्यांनी साडेसहाला फावडे, वाटी आणि एक जुने पातळ घेऊन यावे. खणलेला खड्डा परत बुजवून यायचा आहे, तिथे गुरे चरतात.